विधी महाविद्यालयाचा तक्रार अधिकारी कोण, हे फलकावर लावा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

विधी अभ्यासक्रमांच्या प्रवेशाचे दिवस जवळ आले आहेत. दरवर्षीप्रमाणे नांदेड, जळगाव, सोलापूर, रत्नागिरीकडची मुलेमुली पुण्यातल्या लॉ कॉलेज रस्त्यापासून विमाननगरपर्यंतच्या महाविद्यालयांत दाखल होतील. काहींना वसतिगृह मिळेल, बाकीचे सदाशिव पेठेत नाही तर एरंडवण्यात कॉट बेसिसवर राहतील. त्यांच्यात समलिंगी, द्विलैंगिक आणि ट्रान्सजेंडर विद्यार्थी असतातच. घरी जे बोलता आले नाही ते इथे कोणी चव्हाट्यावर आणू नये, एवढीच त्यांतल्या बहुतेकांची अपेक्षा असते. ती पुरी होते की नाही, हे सभागृहातल्या व्याख्यानांवरून कळत नाही. कार्यालयाची खिडकी, परीक्षा विभाग, रेक्टर आणि समुपदेशक यांच्या रोजच्या कामावरून कळते. आम्ही पुण्यात कायदा शिकवणारे आणि वकिली करणारे काही जण त्या कामाबद्दलच लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, पण या विषयात तपशील गाळला की काहीच उरत नाही.

ट्रान्सजेंडर व्यक्तींची लिंगओळख मान्य करणारा नालसा निकाल (२०१४) आणि सज्ञानांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळणारा नवतेज जोहर निकाल (२०१८) आपल्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. त्याच महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन ‘ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा, २०१९ च्या कलम ११ प्रमाणे तुमचा तक्रार अधिकारी कोण?’ असे विचारले, तर बरेचदा उत्तर मिळत नाही. हे कलम प्रत्येक आस्थापनेला लागू आहे. ट्रस्ट आणि सोसायट्याही त्या व्याख्येत येतात, त्यामुळे खासगी महाविद्यालय सुटत नाही. २०२० च्या नियमांनी मुदतीही घालून दिल्या. नियम लागू झाल्यापासून तीस दिवसांत नेमणूक, तक्रार आल्यापासून पंधरा दिवसांत चौकशी आणि अहवाल हाती आल्यावर पंधरा दिवसांत संस्थाप्रमुखाची कारवाई. याच नियमांनुसार समान संधी धोरणही प्रसिद्ध करावे लागते. ऑक्टोबर २०२५ मध्ये जेन कौशिक या ट्रान्सजेंडर शिक्षिकेच्या प्रकरणात या अंमलबजावणीतल्या ढिलाईवरून सर्वोच्च न्यायालयाने सरकारांना कडक शब्दांत सुनावले. कायदा शिकवणाऱ्या संस्थांनी आता न्यायालयाच्या आणखी एका आदेशाची वाट पाहू नये.

नेमणूक मात्र विचारपूर्वक व्हावी. प्राचार्यांनी हे काम स्वतःकडे ठेवू नये, कारण अहवालावर निर्णय त्यांनाच घ्यायचा असतो. अंतर्गत गुण ज्यांच्या हाती आहेत अशा विभागप्रमुखांकडेही ते देऊ नये. रोज महाविद्यालयात असणारे, विद्यार्थ्यांना सहज भेटू शकणारे अध्यापक किंवा ग्रंथपाल यांच्याकडे द्यावे. फलकावर नाव, खोली क्रमांक, भेटीची वेळ आणि फक्त त्यांनाच उघडता येईल असा ईमेल पत्ता असावा. महाविद्यालयाच्या सर्वसाधारण ईमेलवर आलेली तक्रार आधी कार्यालयातले तीन-चार जण वाचतात आणि दुपारच्या डब्यापर्यंत ती सगळ्यांना माहीत झालेली असते.

तक्रार कोणत्या दारात करायची, हेही विद्यार्थ्याला कोणी नीट सांगत नाही. वरचा तक्रार अधिकारी ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांसाठी आहे. समलिंगी मुलाला वर्गमित्र छळत असतील तर त्याला सर्वात उपयोगी पडतो तो विद्यापीठ अनुदान आयोगाचा रॅगिंगविरोधी नियम. मूळ नियम २००९ चा, पण २०१६ च्या दुरुस्तीने त्यात लैंगिक कल आणि ट्रान्सजेंडरसह लिंगभाव या कारणांवरून केलेला शारीरिक-मानसिक छळ, दादागिरी आणि वाळीत टाकणेही आले. छळ होणारा विद्यार्थी पहिल्याच वर्षाचा असला पाहिजे, अशी अट त्यात नाही. रॅगिंगविरोधी समितीच्या अनेक सदस्यांनाच ही दुरुस्ती माहीत नसते. ‘हे रॅगिंग नाही, आपसातली थट्टा आहे’ असे सांगून ते अर्ज परत करतात. म्हणून अर्जात दुरुस्तीचे वर्ष आणि ‘लैंगिक कल’ हे शब्द स्पष्ट लिहावेत. राज्याचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंध कायदाही आहे. त्यानुसार लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. महाविद्यालयात दाद लागली नाही तर १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

रॅगिंगच्या नियमातले हे कलम मात्र एका विद्यार्थ्याने दुसऱ्या विद्यार्थ्याला दिलेल्या त्रासापुरते आहे. त्रास अध्यापकाकडून होत असेल, म्हणजे तासाला टोमणे, तोंडी परीक्षेत खासगी प्रश्न, मुद्दाम कापलेले गुण, तर आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जावे लागते आणि तिच्या वर विद्यापीठाचे लोकपाल असतात. छळ लैंगिक स्वरूपाचा असेल तर अंतर्गत समिती. आयोगाच्या २०१५ च्या नियमांचे नाव महिलांच्या संरक्षणाचे असले, तरी काही पुरुष विद्यार्थी आणि तृतीयपंथी विद्यार्थीही अशा छळाला बळी पडू शकतात, हे त्याच नियमांत मान्य केले आहे. मुलाची तक्रार ‘ही समिती मुलींसाठी आहे’ म्हणून फेटाळणाऱ्यांना ते वाक्य दाखवावे. तक्रारीची मुदत तीन महिने, चौकशीची नव्वद दिवस. प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर समितीवर निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधी बसतात. इथे एक अडचण नेहमी येते. प्रतिनिधी तक्रारदाराच्याच वसतिगृहात राहणारा निघतो. अशा वेळी त्याने त्या प्रकरणापुरते बाजूला व्हावे आणि तशी नोंद इतिवृत्तात करावी. समितीचे कोणतेही पत्र विद्यार्थ्याच्या घरच्या पत्त्यावर पाठवू नये, हस्ते देऊन पोच घ्यावी. गावच्या घरात वडिलांनी फोडलेल्या एका लिफाफ्याने शिक्षण थांबू शकते.

आता नावाबद्दल. ट्रान्सजेंडर विद्यार्थ्याचे कागदोपत्री नाव एक आणि वापरातले दुसरे असते. कागदोपत्री नाव बदलण्याची वाट लांब आहे: प्रतिज्ञापत्र, महाराष्ट्र शासन राजपत्रातली प्रसिद्धी, जिल्हाधिकाऱ्यांचे ओळख प्रमाणपत्र, मग आधार, मग दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, मग विद्यापीठाची नोंद. तोवर वर्गात जुन्याच नावाने हाक मारत राहायचे, असा नियम कुठेच नाही. हजेरीपट, ग्रंथालयाचे कार्ड, महाविद्यालयाचा ईमेल, मूट कोर्टचे (अभिरूप न्यायालयाचे) प्रमाणपत्र, वर्गाचा व्हॉट्सॲप गट ही सगळी महाविद्यालयाची अंतर्गत बाब आहे. त्यासाठी प्राचार्यांचे एक परिपत्रक आणि एक पानी अर्ज पुरतो. अर्जासोबत वैद्यकीय कागद मागू नये, पालकांची सहीही मागू नये.

अर्ज कसा असावा, यावर सगळे अवलंबून आहे. ‘वापरातले नाव’ एवढा एकच रकाना ठेवून कारकुनाने ते ईआरपी प्रणालीत (महाविद्यालयाच्या सगळ्या नोंदींच्या संगणक प्रणालीत) भरले, की ते नाव प्रणालीत जिथे जिथे पोचते तिथे तिथे जाते. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली की पालकांच्या मोबाइलवर आपोआप संदेश जातो आणि त्यात मुलाच्या जागी मुलीचे नाव दिसते. विद्यार्थ्याने घरी काही सांगितलेले नसते, महाविद्यालयाने ते परस्पर सांगून टाकलेले असते. म्हणून अर्जात वेगवेगळे प्रश्न हवेत: वर्गात आणि हजेरीत कोणते नाव, महाविद्यालयाच्या ईमेलवर कोणते, पालकांना जाणाऱ्या संदेशांत आणि पत्रांत कोणते, बाहेरच्या वकिलांकडे पाठवायच्या इंटर्नशिपच्या पत्रात कोणते. ईआरपी पुरवणाऱ्या कंपनीकडून दोन वेगळे रकाने करून घ्यावेत आणि पालकांचा संदेश कागदोपत्री नावाच्या रकान्यालाच जोडलेला आहे ना, हे एका चाचणी संदेशाने तपासावे. दोन रकाने होत नसतील तर निदान हजेरीपट हाताने वेगळा छापावा. नावाआधी ‘कु.’ किंवा ‘श्री.’ आपोआप लागत असेल तर ते सर्वांसाठीच काढून टाकावे. कोणा एकासाठी काढले तर यादीत तेवढेच नाव उठून दिसते. बोनाफाईडच्या छापील नमुन्यातही ‘सदर विद्यार्थी/विद्यार्थिनी’ असे दोन्ही ठेवून एक खोडण्यापेक्षा सरळ नाव आणि पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, लिहावा.

परीक्षेच्या दिवशी अडचण वाढते, कारण तिथे विद्यापीठाचे हॉलतिकीट लागते आणि त्यावर जुने नाव, जुना फोटो असतो. केस वाढवलेला किंवा कापलेला विद्यार्थी दारात उभा, पर्यवेक्षक फोटोकडे आणि चेहऱ्याकडे आळीपाळीने पाहतात, मोठ्याने नाव विचारतात आणि पेपर सुरू व्हायच्या आधीच त्याचे हात थरथरू लागतात. यावर उपाय सोपा आहे. परीक्षा अधिकाऱ्यांनी अशा विद्यार्थ्याची ओळख पेपरच्या अर्धा तास आधी आपल्या खोलीत पटवून घ्यावी, सही-शिक्क्याची चिठ्ठी द्यावी आणि वरिष्ठ पर्यवेक्षकांना आधी कल्पना द्यावी. झडतीसाठी कोणत्या रांगेत उभे राहायचे, हे त्या विद्यार्थ्याला विचारावे. आसनव्यवस्थेच्या यादीवर आणि गुणांच्या फलकावर फक्त आसनक्रमांक किंवा पीआरएन छापावा. त्याने बाकीच्यांचेही काही बिघडत नाही.

कागदोपत्री बदल करायचाच असेल तर विद्यार्थ्यांनी तो अंतिम वर्षापर्यंत लांबवू नये. पदवी, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडचा सनदेचा (वकिलीच्या परवान्याचा) अर्ज आणि अखिल भारतीय बार परीक्षा, या सगळ्यांत नाव तंतोतंत जुळावे लागते. उपान्त्य वर्षाच्या सुरुवातीला राजपत्राचे काम केले तर पदवीवर योग्य नाव येते. नंतर केले तर प्रत्येक कागदासोबत राजपत्राची प्रत आणि प्रतिज्ञापत्र जोडत बसावे लागते आणि सनद रखडते. नलसार, हैदराबाद या विधी विद्यापीठाने २०१५ मध्येच एका पदवीधराच्या प्रमाणपत्रावर ‘मिस्टर-मिस’ऐवजी ‘एमएक्स’ (Mx) हे लिंगनिरपेक्ष संबोधन छापले होते. तिथे जमले ते पुण्यात जमायला हरकत नाही.

सर्वाधिक नुकसान मात्र पालकांना फोन करण्याच्या सवयीने होते. रेक्टरला काही कळले, दोन मुली एकाच पलंगावर झोपलेल्या दिसल्या, कोणाचे चॅट कोणी दाखवले, की पहिला विचार ‘घरच्यांना बोलावून घ्या’ हाच येतो. हेतू वाईट नसतो, जबाबदारी अंगावर येऊ नये म्हणून तसे केले जाते. पण अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीचा लैंगिक कल किंवा लिंगओळख घरी कळवण्याचा अधिकार महाविद्यालयाला नाही. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने लैंगिक कल हा खासगीपणाचा अविभाज्य भाग ठरवला आहे. घरी कळल्यावर शिक्षण बंद, मोबाइल काढून घेणे, मारहाण, घाईघाईने जमवलेले लग्न हे सगळे आम्ही न्यायालयाच्या कागदांत वाचत आलो आहोत. रेक्टरच्या नेमणूकपत्रातच लिहावे की शिस्तीचा भंग झाला असेल तर तेवढाच कळवायचा, आणि तोही विद्यार्थ्याला आधी सांगून. ‘रात्री साडेदहानंतर दुसऱ्या खोलीत आढळली’ एवढे पुरे. कोणासोबत आणि का, हे त्यात नको.

पुढची पायरी म्हणजे घरचे लोक थेट फाटकावर येतात, कधी सोबत पोलीसही असतात. गावच्या ठाण्यात बेपत्ता झाल्याची तक्रार नोंदवलेली असते. सुरक्षारक्षकाने अशा वेळी विद्यार्थी आत आहे की नाही हे सांगू नये, पाहुण्यांना बसवावे आणि ठरलेल्या अध्यापकांना फोन करावा. विद्यार्थ्याला एकट्याला विचारावे: भेटायचे आहे का, कोणासमोर, कुठे? नको म्हणाला तर ते लेखी घ्यावे. पोलिसांचा जबाब महाविद्यालयातच, विद्यार्थ्याच्या पसंतीच्या व्यक्तीच्या उपस्थितीत व्हावा अशी विनंती करावी आणि ‘मी सज्ञान आहे, स्वखुशीने इथे राहत आहे’ हे विद्यार्थ्याच्या शब्दांत नोंदवून घ्यावे. जोडीदाराला घरच्यांनी डांबून ठेवल्याच्या तक्रारीवरून आलेल्या देवू जी. नायर प्रकरणात ११ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. अशा व्यक्तीशी न्यायमूर्तींनी एकांतात बोलावे, आईवडिलांच्या दबावाचा विचार करावा, तिची ओळख किंवा लैंगिक कल बदलावा म्हणून समुपदेशनाला पाठवू नये, असे त्यात स्पष्ट आहे. त्या निकालाची एक छापील प्रत रेक्टरच्या कपाटात असावी. पोलीस अधिकाऱ्याच्या हाती ती ठेवली की बोलणे पुष्कळदा मुद्द्यावर येते.

पाच वर्षांच्या अभ्यासक्रमातले काही विद्यार्थी प्रवेशाच्या वेळी सतराच वर्षांचे असतात, हेही लक्षात ठेवायला हवे. त्यांना पॉक्सो, म्हणजे बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा कायदा लागू होतो. कलम १९ प्रमाणे लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना द्यावी लागते. पण एखादी सतरा वर्षांची मुलगी समुपदेशकाला ‘मला मुली आवडतात’ असे सांगते, तेव्हा तो गुन्हा नसतो आणि त्याची माहिती कोणालाही द्यायची नसते. हा फरक समुपदेशकांना समजावून सांगावा. घाबरून काही जण सगळेच वर कळवतात, काही जण काहीच ऐकून घेत नाहीत.

समुपदेशक नेमताना त्यांना थेट विचारावे: समलिंगी विद्यार्थी आला तर तुम्ही काय कराल? उत्तरात ‘हे वय निघून जाते’, ‘ध्यानधारणा सुचवीन’, ‘पालकांना विश्वासात घेईन’ असे काही आले तर ती नेमणूक करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता १९९० मध्येच आजारांच्या यादीतून वगळली. कल बदलण्याचे तथाकथित उपचार करणे हे वैद्यकीय गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयातल्या प्रकरणानंतर राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले आहे. समुपदेशनाची नोंदवही कार्यालयाच्या कपाटात राहू नये, तिची किल्ली समुपदेशकाकडेच असावी. समुपदेशकाच्या खोलीबाहेरचा बाक प्राचार्यांच्या दालनासमोर असेल तर तिथे कोणी बसणार नाही, म्हणून जागा बदलावी. रात्री-बेरात्री गरज पडली तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, तो वसतिगृहाच्या जिन्यात लावावा.

डेटिंग ॲपवरून होणारी लूट हा स्वतंत्र विषय आहे आणि पुण्यात शिकायला आलेली, ओळखीपाळखी नसलेली मुले त्यात सहज सापडतात. खोटे प्रोफाइल, शहराबाहेरच्या खोलीवर भेट, आत आणखी तिघे-चौघे, मारहाण, कपडे काढून व्हिडिओ, यूपीआयने पैसे आणि ‘घरी पाठवू’ ही धमकी, असा बहुतेक प्रकरणांचा क्रम असतो. विद्यार्थी घाबरून ॲप आणि चॅट काढून टाकतो, तिथेच पुरावा जातो. काहीही पुसू नये. प्रोफाइल, चॅट आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा, जितका लवकर फोन तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. हद्द कोणतीही असो, गुन्हा कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवता येतो. खंडणीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३०८, धमकीसाठी ३५१, डांबून ठेवण्यासाठी १२७, आणि चोरून काढलेल्या खासगी चित्रीकरणासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ ई. फिर्यादीत आपला लैंगिक कल सांगण्याची गरज नसते, ‘ओळखीच्या व्यक्तीला भेटायला गेलो होतो’ एवढे पुरते. सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध ६ सप्टेंबर २०१८ पासून गुन्हा नाहीत, त्यामुळे ‘तुझ्यावरच केस होईल’ या धमकीत तथ्य नाही. विद्यार्थी मदतीला आला तर ‘तू तिथे गेलासच कशाला?’ हा प्रश्न अध्यापकांनी विचारू नये. त्या प्रश्नानंतर तो पुन्हा येत नाही.

याच ठिकाणी वर्गातल्या शिकवण्याचाही संबंध येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत पुरुषावरच्या बळजबरीलाही लागू होणाऱ्या, जुन्या दंड संहितेतल्या कलम ३७७ ला पर्यायी तरतूदच नाही. बलात्काराच्या कलमात पीडित फक्त स्त्री आहे. म्हणजे पुरुषावर झालेल्या बलात्कारासाठी आज नेमके कलम नाही, मारहाण आणि डांबणे यांवर भागवावे लागते. फौजदारी कायद्याच्या तासाला ही उणीव शिकवली गेलीच पाहिजे. कौटुंबिक कायद्यात समलिंगी विवाहाबाबतचा सुप्रियो निकाल (१७ ऑक्टोबर २०२३) शिकवताना विवाहाचा मूलभूत हक्क नाकारला गेला एवढ्यावर थांबू नये. ट्रान्सजेंडर स्त्री आणि पुरुष, किंवा ट्रान्सजेंडर पुरुष आणि स्त्री, यांचा विवाह सध्याच्या कायद्यांखाली होऊ शकतो, हेही त्याच निकालात आहे. ‘समलैंगिकता: योग्य की अयोग्य’ असे वादविवादाचे विषय मात्र बंद करावेत. वर्गातल्या काही जणांना त्या दिवशी आपल्या असण्याच्या विरुद्ध टाळ्या ऐकाव्या लागतात. वाद विवाहकायद्याच्या व्याख्येवर घ्या, दत्तकविधानाच्या नियमांवर घ्या, कितीतरी खरे कायदेशीर प्रश्न आहेत.

विधी सहाय्य केंद्रात तर करण्यासारखे खूप आहे. कायदेशीर विवाह नसलेल्या समलिंगी जोडप्याला आज कागदांचाच आधार आहे, आणि ते कागद तयार करायला विद्यार्थ्यांना शिकवता येते. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. पण घरचे आव्हान देणार हे गृहीत धरून दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करावी आणि त्याच सुमारास डॉक्टरांकडून मानसिक स्वास्थ्याचा दाखला घ्यावा. साक्षीदार वयाने लहान असावेत, म्हणजे पुढे साक्ष द्यायला हयात असतील. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे की अशा जोडप्यांना संयुक्त बँक खाते उघडता येते आणि जोडीदाराला नॉमिनी करता येते. मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी शक्ती येजदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या आपल्याकडच्याच खटल्यात ते पक्के केले. नॉमिनी नेमून निर्धास्त राहिलेल्या जोडीदाराला नातेवाइकांनी रिकाम्या हाती घराबाहेर काढू नये, यासाठी मृत्युपत्र हवेच. हे काम शिकलेला विद्यार्थी उद्या शिवाजीनगरच्या न्यायालयात बसून शेकडो लोकांच्या उपयोगी पडेल.

वसतिगृह आणि स्वच्छतागृहाबद्दल थोडक्यात. ट्रान्सजेंडर विद्यार्थ्याला कोणत्या वसतिगृहात सुरक्षित वाटेल, हे त्यालाच किंवा तिलाच विचारावे. स्वतंत्र न्हाणीघर असलेली खोली द्यावी, पण ती इतरांपासून तोडलेल्या अतिथीगृहात नको. सर्वांसाठीचे स्वच्छतागृह म्हणून अपंगांच्या स्वच्छतागृहावर नवी पाटी लावली जाते आणि किल्ली शिपायाकडे असते. किल्ली मागावी लागली की ते कोणी वापरत नाही. एक कडी, आतून बंद होणारे दार, पाणी आणि झाकणाची कचरापेटी असलेली वेगळी खोली, वर्गांच्या मजल्यावर, एवढे पुरे.

विद्यार्थ्यांनी आपला गट स्थापन केला तर सभासदांची यादी मागू नये, एका समन्वयकाचे आणि एका अध्यापकाचे नाव पुरे. कार्यक्रमात मागच्या रांगांचे फोटो काढायचे नाहीत, असा नियम करावा. पुण्यात डिसेंबर २०११ पासून समलिंगी-ट्रान्सजेंडर समुदायाची अभिमान पदयात्रा निघते, तिच्यामागे समपथिक ट्रस्टने आणि बिंदुमाधव खिरे यांनी वर्षानुवर्षे केलेले काम आहे. महाविद्यालयांनी प्रशिक्षणासाठी अशा स्थानिक अनुभवी मंडळींना बोलवावे. अध्यापकांइतकेच ते कारकून, शिपाई आणि सुरक्षारक्षकांसाठी व्हावे, मराठीतून व्हावे, आणि प्रवेश सुरू होण्यापूर्वी व्हावे. वृत्तपत्रांनाही आमची विनंती आहे. पदयात्रेतल्या विद्यार्थ्यांचे चेहरे त्यांना विचारल्याशिवाय छापू नयेत.

आपल्या वाचकांपैकी कोणाला यात हातभार लावायचा असेल तर एक काम लगेच करता येईल. विद्यापीठ आणि अनुदानित महाविद्यालये माहिती अधिकार कायद्याखाली येतात. साध्या कागदावर, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आतला अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे द्यावा. मजकूर असा: ‘२०१९ च्या कायद्याच्या कलम ११ नुसार नेमलेल्या तक्रार अधिकाऱ्याचे नाव, नेमणुकीच्या आदेशाची प्रत आणि २०२० च्या नियमांनुसार प्रसिद्ध केलेल्या समान संधी धोरणाची प्रत मिळावी.’ उत्तर तीस दिवसांत यायला हवे, न आल्यास प्रथम अपील करावे. अर्ज का करत आहात, हे विचारता येत नाही. अर्जदार माजी विद्यार्थी, पालक, वकील किंवा कोणीही असू शकतो. त्यामुळे ज्या विद्यार्थ्याला या उत्तराची गरज आहे त्याला स्वतःचे नाव पुढे करावे लागत नाही.

आपले,
कायद्याचे काही अध्यापक आणि वकील, पुणे